पाचशे सतरा तिरपी नावं

काम संपलं की संगणकाच्या पडद्यावर एक छोटी खिडकी उघडते आणि हिरवी बरोबरची खूण दाखवते. नासीरभाईंचा त्या खिडकीवर काडीचाही विश्वास नाही.

"झालं म्हणते ती," ते म्हणतात. "काय झालं ते कुठे सांगते?"

मेहरूणमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, आणि मागच्या अर्ध्या खोलीत छगनबापूंचं बाइंडिंग. विद्यापीठाला जाणारे प्रबंध इथे टाइप होतात, छापले जातात, बांधले जातात. एम. ए. झाल्यापासून मी तिथे प्रुफं वाचते. नासीरभाई स्वतः बारावी. पण गेल्या सव्वीस वर्षांत तीनशेच्या वर प्रबंध त्यांच्या बोटांखालून गेलेत. विषय त्यांना कळत नाहीत, असं ते सांगतात. मला ते पूर्ण खरं वाटत नाही.

ते मूळचे धुळ्याचे. वडील एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मशीन दुरुस्त करायचे, त्यामुळे पोराला फी माफ. त्या टाइपरायटरवर तिरपी अक्षरं नव्हती. पुस्तकाचं नाव आलं की गाडा मागे सरकवायचा आणि शब्दाखाली रेघ मारायची. ज्याच्याखाली रेघ, तो छापखान्यात तिरपा होतो, हे तिथल्या मास्तरांनी शिकवलं होतं. नासीरभाई अजूनही इटॅलिक म्हणत नाहीत. तिरपं म्हणतात. अक्षर तिरपं आहे का, हे ते कागद डोळ्यांजवळ न नेता, लांबून, मान जराशी कलवून बघतात. घरी भिंतीवरची तसबीर सरळ आहे का बघतो ना आपण, तसं.

दिपमाला माझी खोलीतली जोडीदार. रावेर तालुक्यातल्या एका गावची, घरी केळीची बाग. वनस्पतिशास्त्रात पीएच. डी. करत होती, विषय केळीवरच्या मर रोगाचा. मार्चमध्ये तिचा प्रबंध छाननी समितीकडून परत आला. आतलं संशोधन ठीक, संदर्भसूची चुकीची. वनस्पतीचं, बुरशीचं शास्त्रीय नाव तिरपं लिहायचा नियम आहे. तिच्या सूचीत चारशे अडतीस लेख आणि पुस्तकं होती, आणि त्यांच्या शीर्षकांमधली सगळी नावं सरळ उभी होती.

चूक तिच्या अज्ञानाची नव्हती. चार वर्षं तिने संदर्भ एका सॉफ्टवेअरमध्ये साठवले होते. त्याची वर्गणी कॉलेज भरायचं. ती बंद होणार म्हटल्यावर तिने सगळे संदर्भ दुसऱ्या, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हलवले. शब्द सगळे आले. तिरपेपणा वाटेत राहिला. हिरवी खूण मात्र आली होती.

दुरुस्त प्रबंध द्यायची मुदत मंगळवार, संध्याकाळी पाच. नोंदणीची वाढवून मिळालेली मुदतही त्याच दिवशी संपत होती. तो दिवस चुकला असता तर नोंदणी रद्द, पाच वर्षं पाण्यात.

मीच तिला नासीरभाईंकडे नेलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जुनं कधी बंद होणार?"

"शनिवारी."

"मग तिथेच काम करू. हलवायच्या आधी. पासवर्ड द्यावा लागेल, ताई."

दिपमालाने माझ्याकडे बघितलं. मग चिठ्ठीवर लिहून दिला.

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारी दुपारपर्यंत नासीरभाई त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक संदर्भ उघडत होते. तिरपं नाव दिसलं की त्याच्या आधी क्यू आणि झेड, आणि नाव संपलं की झेड आणि क्यू. वहीत आकडा. पुढचा संदर्भ. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बेटा, हलवताना मशीन कपडे काढून घेतं आणि माणूस पलीकडे पाठवतं. म्हणून कपड्याचं वर्णन माणसाच्या हातात लिहून द्यायचं. अक्षर गळत नाही. पलीकडे पोचलं की ते वर्णन वाचून पुन्हा चढवायचं."

"नव्या सॉफ्टवेअरला तिरपं कळायला साधे कोनाचे कंस लागतात ना? मग तेच टाका की."

"एकदा टाकले होते. निम्मे कंस वाटेत बदलून गेले. तेव्हापासून नाही." त्यांनी मान हलवली. "इंग्रजीत कुठल्या शब्दात क्यू आणि झेड शेजारी बसतात, सांग? म्हणून ते."

वहीच्या शेवटी दोन आकडे होते. सुरुवातीच्या खुणा पाचशे सतरा, शेवटच्या पाचशे सतरा.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी खुणांची ती साधी फाइल दिपमालाला पेनड्राइव्हवर दिली. नावांची स्पेलिंग तेवढी बघून ठेवा, म्हणाले. सोमवारी नव्यात घालू. खुणा कशासाठी आहेत हे त्यांनी तिला सांगितलं नाही. त्यांना वाटलं मी सांगेन. मला वाटलं त्यांनी सांगितलं असेल.

आता मला माझा वाटा लिहायला हवा. नासीरभाईंविषयी एक गोष्ट गावात फिरत होती. मागच्या वर्षी दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधात एकच संदर्भसूची निघाली, चुकांसकट. दोन्ही प्रबंध त्यांच्या दुकानात टाइप झालेले. त्यांच्याकडून याद्या बाहेर जातात, असं लोक म्हणायचे. मला हे कॉलेजच्या चहाच्या टपरीवर एका मुलीने सांगितलं होतं. मी दुकानात काम करत होते, रोज बघत होते, तसं काही दिसलं नव्हतं. पण नासीरभाई संध्याकाळी घरी जाताना कागदांचा एक गठ्ठा पिशवीत घालून नेतात, हे दिसलं होतं. शुक्रवारी जेवताना मी दिपमालाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. सहज. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तितक्या सहज.

रविवारी सकाळी तिने फाइल उघडली.

"हे बघ," ती म्हणाली. "प्रत्येक नावाला खूण केलीय त्याने."

"कामासाठी केली असेल."

"कसल्या कामासाठी? तुला माहितीय का, आमच्याकडे व्यापाऱ्याचा माणूस बागेत येतो आणि कापायच्या घडांवर खूण करून जातो. खूण पडली की घड त्याचा. एका वर्षी आबांनी साठ घड ठरवले होते आणि त्या माणसाने पहाटे येऊन नव्वदांवर खुणा केल्या. चांगले चांगले बघून. आबा म्हणत राहिले, मी इतके दिलेच नाहीत. तो म्हणाला, खूण बघा ना." तिने पडद्यावर बोट ठेवलं. "हीसुद्धा चांगली चांगली नावं बघूनच केलीय. लेखकाच्या नावावर नाही, सालावर नाही. नेमकी माझ्या कामाची नावं. उद्या त्याने ही यादी दुसऱ्या कोणाला दिली तर खूण दाखवून म्हणेल, ही माझी."

मी तिथेच बोलायला हवं होतं. क्यू-झेडचं मला माहीत होतं. मी म्हणालेसुद्धा, "अगं, ते तिरप्यासाठी आहे." पण त्याच वेळी मला ती पिशवी आठवली, आणि माझ्या बोलण्यात जोर उरला नाही. जोर नसलेलं वाक्य संशयी माणसाला ऐकू येत नाही.

"तिरप्यासाठी असतं तर तिरपं केलं नसतं का? तो सांगेल तुला काहीही."

आबांनी त्या वर्षी काय केलं होतं ते तिने मग सांगितलं. ओला फडका घेऊन ते बागेत फिरले आणि तीस घडांवरची खूण पुसून आले. दिपमाला फडक्याची बादली धरून मागे होती, सातवीत.

तिने फाइलमध्ये शोधा-बदला उघडलं. क्यू-झेडच्या जागी काही नाही. झेड-क्यूच्या जागी काही नाही. सगळीकडे. दोन क्षण लागले.

सोमवारी साडेदहाला ती दुकानात उभी होती. बसली नाही.

"नासीरभाई, माझं जे जे तुमच्या मशीनवर आहे ते पुसा. माझ्यासमोर."

त्यांनी चष्मा काढला. "आत्ता?"

"आत्ता."

"सगळं?"

"सगळं. कचऱ्याच्या डब्यातलंसुद्धा."

ते माझ्याकडे बघतील असं वाटलं, म्हणून मी प्रुफावर मान घातली. त्यांनी पुसलं. पडदा तिच्याकडे वळवून पुसलं. पासवर्डची चिठ्ठी खिशातून काढून तिच्यापुढे ठेवली. पिशवीसुद्धा उलटी केली. तिच्यातून कागदांचा गठ्ठा पडला. वाया गेलेली प्रिंटं होती, पाठकोरी. मागच्या बाजूला पेन्सिलीने बेरजा-वजाबाक्या, वेडीवाकडी घरं, एक मांजर.

"नातीसाठी," ते म्हणाले. "रूही. तिला कोरा कागद पुरत नाही. आता तुमची फाइल द्या, ताई. तुमच्या पेनड्राइव्हवरूनच काम करतो. इथे काही ठेवत नाही."

त्यांनी ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये घातली. हिरवी खूण आली. सवयीने त्यांनी खुणा मोजायला सांगितल्या, आणि पडद्यावर शून्य आलं.

पुन्हा केलं. शून्य.

"खुणा कुठे गेल्या?"

"मी पुसल्या," दिपमाला म्हणाली.

नासीरभाईंनी जुनं सॉफ्टवेअर उघडायचा प्रयत्न केला. पासवर्ड तिनेच टाकला. वर्गणी संपली आहे, एवढंच वाक्य दिसलं. शनिवारची मूळ फाइल त्यांच्या मशीनवर होती. ती पुसून वीस मिनिटं झाली होती. तिच्या जुन्या कच्च्या प्रतींमध्ये संदर्भ नुसते आकड्यांत होते, जुन्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण यादी कधी छापलीच नव्हती.

"त्या खुणा म्हणजेच तिरपी अक्षरं होती, ताई," ते म्हणाले. "पाचशे सतरा."

दिपमाला तेव्हा बसली. स्टूलवर, पर्स मांडीवर घेऊन, एसटीची वाट बघत बसावं तशी.

मागच्या खोलीतून छगनबापू बाहेर आले. ते शिंदखेड्याकडचे. हाताला खळ लागलेली. "काय व्हयनं?"

मी सांगितलं. बापू माझ्याकडेच बघून म्हणाले, "अन् यादीनी ती गोट आयकीसन पुसं का तिनी? खोटी गोट शे ती. दोन्ही पोऱ्यास्ना गाईड एकच व्हता. यादी त्यानीच दिधी दोन्हीस्ले. नासीरनी चूक दखाडी, तं पोऱ्यास्नी त्यानंच नाव गावभर कयं." म्हणजे यादी गाईडची होती; चूक दाखवली म्हणून पोरांनी नासीरभाईंचंच नाव पुढे केलं होतं.

"बापू, जाऊ द्या," नासीरभाई म्हणाले. "बांधायला किती वेळ लागेल ते सांगा."

"पाच प्रती? चार तास. उद्या बारा वाजता कागद मन्हा हातमा पाह्यजे."

मग नासीरभाईंनी दिपमालाकडे खुर्ची सरकवली. "माझ्या डोळ्यांना नाव ओळखू येत नाही. तिरपं दिसलं तर कळतं, सरळ असलं की सगळे शब्द सारखे. तुम्ही वाचा. मी खूण करतो."

"पुन्हा क्यू-झेड?"

"पुन्हा क्यू-झेड. आता तुम्ही बघत असताना."

सोमवार त्यातच गेला. ती वाचायची, ते खूण करायचे, मी शीर्षकावर टिक. पहिला तासभर तिचा आवाज कोरडा होता, वर्गात हजेरी घ्यावी तसा. तिची नजर त्यांच्या बोटांवर होती. ते जरा थांबले की ती विचारायची, "काय झालं?"

"काही नाही. बुरशीच्या नावात हे एफ. एसपी. आलंय मध्ये. हे सरळ ठेवायचं ना? आजूबाजूची दोन तिरपी आणि हे मधलं सरळ."

"हो." तिला नवल वाटलेलं दिसलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"परवा एकशे बारा वेळा पाहिलं. मधला माणूस उभा, दोन्हीकडचे टेकलेले."

दुपारी चहा आला. दिपमालाने घेतला नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हा घेतला.

संध्याकाळी साडेसहाला चारशे अडतीस संदर्भ संपले. मोजले. पाचशे नऊ.

"आठ कमी," नासीरभाई म्हणाले.

"तुमचा आकडा चुकला असेल," दिपमाला म्हणाली. "मी प्रत्येक शीर्षक वाचलंय."

"असेल."

त्यांचं ते 'असेल' तिला आवडलं नाही. भांडले असते तर बरं, असं चेहऱ्यावर दिसत होतं.

मंगळवारी सकाळी आठला दुकान उघडलं. सहा नावं दीड तासात सापडली. एका मोठ्या ग्रंथातल्या प्रकरणांची नावं वेगळ्या रकान्यात होती, ती तिने वाचलीच नव्हती. पाचशे पंधरा. दोन राहिली. साडेदहा झाले, अकरा झाले. तिने यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. दोन मिळेनात.

नासीरभाईंनी माउसवरचा हात काढला. "प्रबंध तुमचा आहे, ताई. बारा वाजता बापूंना कागद हवेत. सांगा, छापू?"

मला वाटलं ती हो म्हणेल. दोन नावांसाठी कोण प्रबंध परत पाठवतं? पण समितीने एकदा परत पाठवला होता, आणि वहीतला तो आकडा तिच्यासमोर उघडा होता. वही खोटी किंवा तिची नजर खोटी. तिने घड्याळ बघितलं. अकरा वाजून दहा मिनिटं.

"तुम्ही खूण कशी करत होता?" तिने विचारलं. "जुन्यात. तिरपं दिसलं की, एवढंच?"

"तिरपं दिसलं की." ते थांबले. डोळे मिटून त्यांनी मान कलवली, लांबून कागद बघतात तशी. "नाही. दोन ठिकाणी उलटं होतं. पुस्तकाचं अख्खं नाव तिरपं, ते तर सॉफ्टवेअर आपोआप करतं, आणि मधला एक शब्द उभा. मला वाटलं ही चूक आहे. मग वाटलं, सगळी तिरपी असताना वेगळं दिसायचं तर त्याला उभंच राहावं लागेल ना. म्हणून त्यालाही खूण केली. नवं सॉफ्टवेअर समजून घेतं. आजूबाजूचं तिरपं असेल तर खुणेचा शब्द ते उभा करतं."

सूचीत पुस्तकं एकोणीसच होती. दिपमालाने ती एकामागून एक उघडली. सातवं आणि पंधरावं. दोन्हींच्या शीर्षकात केळीचं शास्त्रीय नाव होतं. पुस्तकाचं नाव तसंही तिरपं येणार म्हणून तिने ती सोडून दिली होती.

"हे मला माहीत होतं," ती हळू म्हणाली. "नियम मला माहीत होता. तरी सुटलं."

"मला नियम माहीत नव्हता," नासीरभाई म्हणाले. "दिसलं तसं ठेवलं."

पाचशे सतरा. त्यांनी सगळ्या खुणांच्या जागी कोनाचे कंस घातले आणि सूची छापायला सोडली. पहिलं पान बाहेर आलं तसं त्यांनी ते हातभर लांब धरलं. मग दिपमालाने ते त्यांच्या हातातून घेतलं आणि तिनेही हातभर लांब धरलं.

विद्यापीठाच्या खिडकीवर आम्ही चार वाजून पस्तीस मिनिटांनी पोचलो. मुखपृष्ठाची खळ अजून ओली होती. कारकुनाने प्रती मोजल्या, गाईडची सही बघितली, पावती बघितली, शिक्का मारला. संदर्भसूचीचं पान त्याने उघडलंसुद्धा नाही. दिपमालाला हसू आलं, आणि लगेच तिने पदराने डोळे पुसले.

तिथूनच ती रावेरच्या गाडीला गेली. मी पोचपावतीची झेरॉक्स द्यायला दुकानात आले. नासीरभाई मशीन बंद करत होते.

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. उघडलं नाही."

"म्हणजे समिती उघडेल." त्यांनी पावती वाचली, तारीख आणि वेळ पुन्हा वाचली. "पोरीचं झालं."

मी पर्स उचलली. ते म्हणाले, "एक विचारू? ती यादीची गोष्ट. तिला कोणी सांगितली?"

छगनबापूंची कात्री आत चालू होती. ती थांबल्यासारखी वाटली.

"मी."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते आधीच माहीत होतं की आत्ता कळलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही. "तुला कोणी सांगितली?"

"कॉलेजजवळच्या टपरीवर एका मुलीने."

"तिला?"

"माहीत नाही."

"हं. म्हणजे अजून फिरतेय." त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या कामाचा गठ्ठा पुढे ओढला. इतिहासाचा प्रबंध होता, सात प्रकरणांचा. एरवी असा गठ्ठा ते माझ्याकडे सरकवून देतात आणि म्हणतात, सावकाश बघ. आज त्यांनी दोरी सोडली, वरचं पहिलं प्रकरण काढलं आणि तेवढंच माझ्यापुढे ठेवलं.

"हे झालं की दुसरं देतो."

मी ते घेतलं, पानं मोजून.